कोल्हापुरात बसून मुलांना शार्क शिकवताना

कोल्हापूरच्या मुलाला शार्क पहिल्यांदा भेटतो तो मोबाईलवर नाहीतर टी-शर्टवर. एक तर जबडा वासलेला, दातांतून रक्त गळणारा; नाहीतर गुलाबी-निळा, हसत नाचणारा. समुद्र घाटाखाली, गाडीने तीन-चार तासांवर. त्यामुळे या दोन चित्रांच्या शेजारी ठेवायला खरं काही मुलांसमोर येतच नाही. मी बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते आणि माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही चित्रं मुलांची सारखीच दिशाभूल करतात. राक्षस पाहिलेलं मूल म्हणतं, "मारून टाकायला पाहिजे त्याला." खेळण्यातला शार्क पाहिलेलं मूल म्हणतं, "मला एक पाळायचाय." शार्क हा आपलं आपलं काम करत जगणारा मासा आहे, आणि तो तिथे असल्यामुळे समुद्रात काही गोष्टी घडतात, काही घडायच्या थांबतात. एवढं चार ते आठ वर्षांच्या मुलाला नीट समजू शकतं. मला तेच शिकवायचं असतं.

खालची पद्धत घरी एका मुलासोबतही जमते आणि वर्गात तीस मुलांसोबतही. साधारण दोन आठवडे धरा, रोज अर्धा तास पुरे. सगळं एका दिवसात उरकू नका. सामान घरातलंच लागतं: परात, बादली, चहाची गाळणी, चुरमुरे, दोन सहावारी साड्या, पॉलिश पेपर, चिंचोके, खडू आणि भारताचा नकाशा.

आधी आपण काय वाचून ठेवायचं

मुलं विचारतात तेव्हा उत्तर तयार हवं, म्हणून मोठ्यांनी थोडी माहिती आधी गोळा करावी. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बहुतेक माणसाच्या वाटेला कधी येतही नाहीत. सगळ्यात मोठा व्हेल शार्क, जगातला सगळ्यात मोठा मासा. पूर्ण वाढलेला बारा मीटर किंवा त्याहूनही लांब असू शकतो. सगळ्यात लहान जातींपैकी एक जेमतेम वीतभर असते आणि खोल समुद्रात अंधारात चमकते. ग्रीनलँड शार्क अतिशय सावकाश वाढतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो किमान २७२ वर्षं जगतो. शार्कचा वंश चाळीस कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजे डायनोसॉर येण्याच्या कितीतरी आधीचा. डायनोसॉरवेड्या मुलांसाठी ही एकच गोष्ट पुरते, त्यांचे कान लगेच टवकारतात.

आपल्या कोकण किनाऱ्यावर शार्कला मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी. हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क म्हणजे कानमुशी. मुलांना ही नावं जरूर सांगा. शार्क म्हटलं की त्यांना तो परदेशातला, पडद्यातला वाटतो. मुशी म्हटलं की तो रत्नागिरीच्या बंदरावरचा होतो.

मुलांच्या मनात काय आहे ते बघा

पहिल्या दिवशी काहीही सांगू नका. कागद द्या आणि म्हणा, "शार्क काढा. तो कुठे राहतो, काय खातो, तेही काढा." चित्रं काढून झाली की प्रत्येकाला आपल्या चित्राबद्दल बोलू द्या. चूक सुधारायची घाई नको. "ह्यो माणसं खातोय" म्हणणाऱ्या मुलाला "नाही रे बाळा" म्हणून गप्प केलं, तर त्याची भीती जात नाही, फक्त बोलायची बंद होते. विचारा, "तुला कुणी सांगितलं? कुठं बघितलंस?" बहुतेक वेळा उत्तर येतं, दादाच्या मोबाईलमध्ये. मग दादालाही घरी जाऊन दोन शब्द सांगता येतात.

मुलांचे प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात किंवा वहीत लिहून ठेवा. हमखास येणारा एक प्रश्न: "बाई, रंकाळ्यात हाय का शार्क?" तिथूनच पुढचा धडा सुरू होतो.

रंकाळ्यापासून समुद्रापर्यंत

रंकाळ्यात शार्क नाही, हे आधी ठणकावून सांगा. काही मुलं त्या काठावर रोज संध्याकाळी फिरायला जातात, त्यांच्या मनात शंका राहायला नको. मग नकाशा काढा. पंचगंगेचं पाणी कुठून येतं? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमावर बरीच मुलं आजी-आजोबांबरोबर गेलेली असतात. तिथून बोट फिरवत नरसोबाच्या वाडीला या, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. आता मुलांना अंदाज करू द्या: हे पाणी कुठल्या समुद्रात जाणार? जवळजवळ सगळे कोकणाकडे बोट दाखवतात, कारण तो समुद्र जवळ. पण कृष्णा पूर्वेला वळते, कर्नाटक, तेलंगण, आंध्र पार करून थेट बंगालच्या उपसागरात. मुलांचे डोळे मोठे होतात.

मग उलटा प्रवास दाखवा. जून महिन्यात गगनबावड्याला धो-धो कोसळणारा पाऊस येतो कुठून? अरबी समुद्रावरून. म्हणजे एका समुद्रातून पाणी आपल्याकडे येतं आणि दुसऱ्या समुद्राकडे जातं, मध्ये आपण. समुद्र लांबचा आहे ही मुलांची समजूत इथे मोडते. शार्क दोन्ही समुद्रांत आहेत.

एखादं चौकस मूल विचारेल, "मग शार्क नदीतून उलटा वर येईल की!" प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याचं कौतुक करा. बहुतेक शार्क खाऱ्या पाण्यातच जगतात. बुल शार्क नावाची जात मात्र नदीच्या गोड्या पाण्यातही शिरते. पण कृष्णेवर ठिकठिकाणी मोठमोठी धरणं आणि बंधारे आहेत, ते ओलांडून तो इथवर येऊ शकत नाही.

साडी पसरून मोजा

लहान मुलाला "बारा मीटर" हा आकडा काहीच सांगत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. ती मैदानावर किंवा गच्चीवर सरळ पसरा. एवढा म्हणजे खूप मोठ्यातला मोठा टायगर शार्क. आता दुसरी साडी तिच्या टोकाला लावा: अकरा मीटर, आणि वर माणसाची एक लांब ढांग. हा व्हेल शार्क. मुलांना साडीच्या कडेने झोपायला सांगा, डोक्याला पाय लावून. किती मुलं मावतात ते त्यांनाच मोजू द्या. मग कोकणात सगळ्यात जास्त मिळणारी लहान मुशी दाखवा. ती पाऊण मीटरच्या आतच असते, बालवाडीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढी. शेवटी आपली वीत दाखवा. "एवढाही शार्क असतो."

इतकं झालं की "शार्क म्हणजे एक भला मोठा दातवाला" हा समज आपोआप ढिला पडतो.

परातीतलं शरीरशास्त्र

या भागाला दोन-तीन दिवस द्या, कारण मुलं हातांनी शिकतात.

हाडं नाहीत, कूर्चा आहे. मुलांना कानाचा वरचा भाग वाकवायला सांगा, नाकाचं टोक दाबायला सांगा. वाकतं, पण मोडत नाही. शार्कचा सगळा सांगाडा असाच, म्हणून तो चटकन वळू शकतो.

कातडी. पॉलिश पेपर द्या आणि आधी डोळे मिटून हात फिरवायला सांगा. शार्कच्या अंगावर अगदी बारीक, दातांसारखे खवले असतात, सगळे शेपटीकडे कललेले. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. यामुळे पाणी अंगावरून सहज सरकतं.

तेलाचं यकृत. दोन सारख्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. एक पाण्याने काठोकाठ भरा, दुसरी गोडेतेलाने. झाकणं घट्ट लावून बादलीत सोडा. तेलाची बाटली वर तरंगते. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे ते पाण्यात तरंगून राहतात. शार्कला ती नाही. त्याऐवजी तेलाने भरलेलं मोठं यकृत असतं, ते त्याला हलकं ठेवतं. तेल वाया जाऊ देऊ नका, तीच बाटली पुढच्या वर्गाला कामी येते.

लाटा ओळखणं. परातीत पाणी भरा. एका मुलाने डोळे मिटून बोटं एका कडेला पाण्यात बुडवायची, दुसऱ्याने समोरच्या कडेला पाणी हळूच हलवायचं. पाणी हललं की डोळे मिटलेल्याला कळतं. शार्कच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत अशी जाणीव असलेली एक रेघ असते. शिवाय त्याच्या थोबाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून दुसऱ्या प्राण्याच्या शरीरातली अगदी सूक्ष्म वीजही त्याला जाणवते. ही दुसरी गोष्ट नुसती सांगा. पाणी आणि वीज यांचा कुठलाही प्रयोग लहान मुलांसमोर करू नका, बॅटरीचासुद्धा नको.

व्हेल शार्कचं जेवण. माझ्या वर्गातला हा सगळ्यात लाडका प्रयोग. परातीत पाणी घ्या, त्यात मूठभर चुरमुरे टाका. गाळणी पाण्यातून पुढे ढकला: पाणी पार होतं, चुरमुरे अडकतात. जगातला सगळ्यात मोठा मासा असाच जेवतो. भलं मोठं तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांतून बाहेर सोडायचं आणि त्यात अडकलेले सूक्ष्म जीव, माशांची अंडी, बारीक मासे गिळायचे. दात असतात त्याला, हजारो, पण तांदळाच्या दाण्याएवढे, खाण्याच्या कामाला न येणारे. एवढा मोठा आणि एवढं बारीक खाणारा! "लई भारी," अशी दाद इथे मिळतेच.

आणखी एक छोटी गोष्ट इथेच उरकून घ्या. मुलं व्हेल आणि व्हेल शार्क यांत गोंधळतात. व्हेल, म्हणजे देवमासा, मासा नाही; तो पिल्लाला दूध पाजतो आणि हवा घ्यायला वर येतो. व्हेल शार्क मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेतो. हाताने दाखवा: माशाची शेपूट डावीकडे-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली. मुलं दोन दिवस शाळाभर हात हलवत फिरतात, फिरू द्या.

समुद्रात त्याचं काम काय

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पुस्तकांत आणि व्हिडिओंत "शार्क समुद्राचं संतुलन राखतो" एवढ्या एका वाक्यात हा भाग उडवलेला असतो. मुलं ते पाठ करतात आणि त्यांना काहीच कळलेलं नसतं. संतुलन म्हणजे काय हे त्यांना पायांनी पळून समजलं पाहिजे.

अंगणात खडूने तीन मोठी वर्तुळं आखा, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर. प्रत्येकात वीस चिंचोके टाका. हे समुद्रातलं गवत. सहा-सात मुलं हिरवी कासवं झाली. त्यांचं घर एका बाजूला, पहिल्या वर्तुळाच्या जवळ. नियम एकच: एका फेरीत एक चिंचोका उचलायचा, घरी ठेवायचा, परत यायचं.

पहिला डाव शार्कशिवाय. शिट्टी वाजवा, मिनिटभर चालू द्या, थांबवा. सगळी कासवं जवळच्या वर्तुळावर तुटून पडलेली असतात आणि ते रिकामं होतं. लांबची दोन जवळजवळ तशीच. आता सांगा, ज्या वर्तुळात पाच किंवा जास्त चिंचोके उरलेत तिथे गवत परत वाढेल, मी तिथे नवे टाकते. रिकामं झालं तिथे मुळंच उरली नाहीत, तिथे काही उगवणार नाही. आणखी एक-दोन डाव खेळा. हळूहळू एकेक वर्तुळ ओसाड पडत जातं.

आता चिंचोके पुन्हा भरा आणि एका मुलाला शार्क करा. शार्क पळणार नाही, चालेल. एका वर्तुळात पाच आकडे मोजून दुसऱ्याकडे जाईल. शार्क ज्या वर्तुळात आहे तिथे कासवांनी थांबायचं नाही. थांबलेल्याला शार्कने हात लावला तर त्याने दहा आकडे बाजूला बसायचं. मिनिटभराने थांबवा आणि मोजा. कासवं तिन्ही वर्तुळांत विखुरली गेली, कुठेच फार वेळ टिकली नाहीत, आणि प्रत्येक वर्तुळात गवत उरलंय. हे बहुतेक वेळा पहिल्याच डावात दिसतं. नाही दिसलं तर वेळ थोडा कमी करून पुन्हा खेळा.

एक काळजी घ्या. पकडापकडीत मुलांना जोर चढतो आणि शार्क झालेला "मी चार पकडली!" म्हणून ओरडतो. त्याने किती पकडली ते मोजूच नका, चिंचोके मोजा. कासवांना त्याने खाल्लं म्हणून गवत वाचलं असं नाही. तो आसपास फिरत होता, म्हणून कासवं एका जागी बसून राहिली नाहीत. मुलांना हे त्यांच्याच तोंडून म्हणू द्या. विचारा, "शार्कनं फार कमी कासवं पकडली, तरी गवत का राहिलं?" थोडा वेळ थांबा, उत्तर येतं.

खेळ झाला की खरी जागा सांगा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचा उपसागर आहे, तिथे समुद्री गवताची प्रचंड कुरणं आहेत. तिथे हिरवी कासवं आणि डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, चरतात आणि टायगर शार्क फिरतात. शार्क जास्त असतात त्या काळात डुगाँग चांगल्या गवताच्या धोक्याच्या जागा सोडून सुरक्षित कडेला जातात, असं अभ्यासकांना दिसलं. धडधाकट कासवंही कडेला राहतात; अशक्त, भुकेली कासवं मात्र चांगल्या गवतासाठी धोका पत्करतात. पहिलीतल्या मुलालाही हे पटतं, कारण खेळात त्याने तेच केलेलं असतं.

आपल्या देशातलं उदाहरणही द्या. लक्षद्वीपच्या काही बेटांभोवती हिरव्या कासवांनी उथळ पाण्यातलं गवत इतकं खाल्लं की कुरणं उजाड झाली, आणि त्या गवतात लहानाचे मोठे होणारे मासेही कमी झाले. कासवं एका जागी इतकी जमण्यामागे अनेक कारणं असतात. त्यांना खाणारे मोठे शार्क कमी होणं हे त्यातलं एक मानलं जातं. कासवांचा यात दोष नाही, हे मुलांना सांगायला विसरू नका, नाहीतर ती राक्षस म्हणून शार्कऐवजी कासवाला बसवतात.

आणि मग घरचं. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला गवा आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. गवा गवत-पाला खातो, आणि सह्याद्रीतला वाघ गव्याची शिकार करतो. वाघ आहे म्हणून गवा सावध राहतो, फिरत राहतो, आणि गवताला वाढायला उसंत मिळते. जंगलात वाघ, समुद्रात शार्क. कोल्हापूरच्या मुलाला पटकन उमगेल असा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

मोठी मुलं असतील, तिसरीच्या पुढची, तर शार्कची बाकीची कामंही सांगा. मेलेल्या देवमाशासारखे मोठे देह काही शार्क खाऊन संपवतात. आजारी, हळू पोहणारे मासे आधी त्यांच्या तावडीत सापडतात. लहान मुशी स्वतःच मोठ्या माशांचं खाणं असते. सगळे शार्क एकच काम करत नाहीत हेही स्पष्ट सांगा. चुरमुरे गाळणाऱ्या व्हेल शार्कला बघून कासव पळत नाही. "शार्क गेले तर समुद्र मरेल" असली वाक्यं मी वर्गात वापरत नाही. ती खरी नाहीत, आणि लहान मुलाला अकारण घाबरवतात. शार्क कमी झाले की काही ठिकाणी गवत, कासवं, मासे यांचा मेळ बिघडतो. जे माहीत आहे ते एवढं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

"चावतो का?"

हो. हा प्रश्न टाळू नका आणि "छे, शार्क गरीब असतो" असंही म्हणू नका. मुलाला सांगा: "काही मोठे शार्क कधीतरी माणसाला चावतात. पण माणूस हे त्यांचं खाणं नाही."

मोठ्यांनी स्वतःसाठी आकडे लक्षात ठेवावेत. शार्कची कुणीही खोडी काढलेली नसताना तो चावल्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात. त्यातली बहुतेक माणसं वाचतात. याच्या उलट, २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपली मुलं उसाच्या फडाशेजारी वाढतात, नाग आणि घोणस ही नावं त्यांना बोलायला लागल्यापासून माहीत असतात. साप दिसला तर काय करायचं? लांब उभं राहायचं, दगड मारायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. मुलांना हे येतं. शार्कबद्दल हीच वागणूक हवी: अंतर ठेवायचं, छेडायचं नाही. मृत्यूचे आकडे मात्र बालवाडीच्या मुलांसमोर नकोत.

एखादं मूल तरीही रात्री घाबरत असेल, तर झोपायच्या वेळी हा विषय काढू नका, दिवसाउजेडी काढा. त्याला गाळणी आणि चुरमुऱ्यांचा प्रयोग आजीला करून दाखवायला सांगा. ज्या गोष्टीबद्दल आपण दुसऱ्याला शिकवतो, तिची भीती मुलांच्या मनातून लवकर उतरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

माणसाने शार्कला काय केलं

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना हा भाग गोष्टीच्या रूपातच द्या. मोठ्यांना माहीत असावं म्हणून: खुल्या समुद्रात फिरणाऱ्या शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या चपट्या रे माशांची संख्या १९७० नंतरच्या अर्धशतकात ७१ टक्क्यांनी घटली, आणि मुख्य कारण बेसुमार मासेमारी. काही परके देश शार्कच्या परांचं सूप पितात. भारताने २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी घातली. शार्क पटकन भरून निघत नाहीत. सुरमई लाखो अंडी घालते, मुशी मोजकी पिल्लं देते, आणि व्हेल शार्कला पिल्लं देण्याच्या वयात यायलाच दोन-तीन दशकं लागतात.

मुलांना गोष्ट सांगायची ती गुजरातची. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, पूर्वी व्हेल शार्कची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाइतकं संरक्षण मिळालं. पण कायद्याने सगळं होत नाही. २००४ पासून कथाकार मोरारीबापूंनी तिथल्या कोळ्यांना समजावलं की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे; माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का? लोकांनी तिला व्हाली म्हटलं, म्हणजे लाडकी. तेव्हापासून जाळ्यात व्हाली अडकली की कोळी आपलं महागडं जाळं स्वतः कापतात आणि तिला सोडतात. अशा शेकडो व्हाली परत समुद्रात गेल्या आहेत. महाराष्ट्रातही संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला सरकारकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

गोष्ट सांगून झाली की ती मुलांना करून बघू द्या. जुनी ओढणी म्हणजे जाळं, एक मूल व्हाली, चार मुलं कोळी. जाळं कापायचं की नाही, यावर कोळ्यांनी आपापसात भांडायचं. "माझं जाळं गेलं तर मी खाऊ काय?" हा प्रश्न एखादं मूल विचारतंच, आणि त्याला लगेच उत्तर देऊन गप्प करू नका. कोळ्याचं पोटही खरं आहे.

ताटातली मोरी

मालवणी खाणावळीत जाणाऱ्या घरातलं मूल एक दिवस विचारणारच: "आई, आपण खाल्लेली मोरी म्हणजे शार्कच का?" हो म्हणा. लपवलंत तर नंतर कळल्यावर मूल दुखावतं. सांगा, लहान मुशी कोळी फार पूर्वीपासून पकडतात आणि ते त्यांच्या जगण्याचा भाग आहे. काही जाती मात्र पकडायला कायद्याने बंदी आहे. मुलाने नको म्हटलं तर आग्रह नको, मागितलं तर अपराधी वाटायला लावू नका. एक गोष्ट आरोग्याची: मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते देऊ नये असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. आपल्या घरीही हे पाळावं.

इथेच मासळी बाजाराचीही एक फेरी होऊ शकते. सकाळी, गर्दीच्या आधी जा. बांगड्याच्या किंवा रोहूच्या कल्ल्यांवर एक झाकण असतं, ते दाखवा. मुशी आलेली असेल तर तिच्या गळ्याजवळच्या पाच उघड्या चिरा मोजायला लावा. विकणाऱ्या मावशींना आधी विचारा. बहुतेक जणी मुलांना स्वतःहून चार गोष्टी जास्त सांगतात.

घाट उतरून जाणार असाल तर

सहलीची सक्ती नाही. वरचं सगळं कोल्हापुरातच होतं. पण जमलं तर रत्नागिरी किंवा मालवण निवडा. रत्नागिरीला झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. निघण्याआधी ते सुरू आहे का याची खात्री करा. मालवणजवळच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहता येतात. चिंचोक्यांच्या खेळात कासव झालेलं मूल ते पाहताना अगदी गप्प होतं.

बंदरावर सकाळी लवकर पोहोचा, नावा येतात आणि लिलाव चालतो तेव्हा. मुलांच्या पायात घट्ट चपला हव्यात, जमीन ओली आणि निसरडी असते. प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठा माणूस. कुठल्याही माशाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, शेपटीकडे काटा असलेल्या रे माशाला तर मेलेला असला तरी नाही. मुलांच्या हातात वही द्या आणि तीनच गोष्टी शोधायला सांगा: पाच चिरांचा मासा, झाकणाचा मासा, आणि मुलांनी नाव विचारून घेतलेला एक मासा.

पाण्यात उतरताना शार्कची काळजी करू नका, ओढीची करा. कोकणच्या किनाऱ्यावर माणसं जातात ती लाटांनी आणि परतीच्या पाण्याच्या ओढीने. गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि मुलाचा हात सोडू नका. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंद असते, त्या काळात बंदरावर बघायला काही नसतं आणि समुद्रही खवळलेला असतो. मे महिन्याच्या आत जमलं नाही तर सरळ ऑक्टोबरनंतर जा. तोवर घाटातला रस्ताही मोकळा झालेला असतो.